टेललाइटमध्ये पाणी, वाफ आणि ओल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाच्या चार-पाच सरी जोरात झाल्या की आमच्या गॅरेजात एकच तक्रार घेऊन गाड्या यायला लागतात: मागच्या दिव्यात पाणी शिरलंय. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले. इथे पाऊस असा की दिव्याचं सैल झालेलं रबर एका आठवड्यात उघडं पडतं. दरवर्षी तेच प्रश्न ऐकतो, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतोय. हातात पाना धरायची आवड असेल तर यातली बरीच कामं घरच्या घरी होतात.

टेललाइटच्या आत धुकं धरलंय. दिवा गळतोय का?

बहुतेक वेळा नाही. टेललाइट बंद डब्यासारखा दिसला तरी त्याला श्वास घ्यायला मुद्दाम वाट ठेवलेली असते. मागच्या बाजूला एखादी वाकडी रबरी नळी, फोमचा तुकडा किंवा टिकलीएवढा पांढरा पडदा दिसेल, तीच ती वाट. बल्ब पेटला की आतली हवा तापून फुगते आणि थोडी बाहेर जाते. दिवा विझला की हवा आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. २५ अंशांची हवा ६० अंशांवर गेली तर साधारण १२ टक्के फुगते. दोन लिटर हवा मावेल एवढा दिवा धरला तर पाव लिटरच्या आसपास हवेची ये-जा होते. आषाढातली हवा आत जाणार म्हटल्यावर तिच्यातली ओलही आत जाणार. रात्री काच थंड पडली की ती आतून दवासारखी बसते.

आता एक हिशोब करून बघा. ३० अंशांच्या, ओलीने पूर्ण भरलेल्या एक घनमीटर हवेत साधारण ३० ग्रॅम पाणी असतं. दोन लिटर हवेच्या वाट्याला त्यातलं ०.०६ ग्रॅम येतं, म्हणजे जेमतेम एक थेंब. तो एक थेंब काचेवर पसरला की अख्खा दिवा धुरकट दिसतो आणि माणूस घाबरतो. पण दिव्याच्या तळाशी चमचाभर पाणी हलताना दिसत असेल, तर ते नुसत्या हवेतून आलेलं नाही. त्याला आत यायला वाट सापडलीय.

धुकं किती वेळात जायला हवं?

बल्बचा दिवा असेल तर पार्किंग लाइट लावून अर्धा-पाऊण तास गाडी चालली की साधारणपणे विरतं. ऊन असेल तर त्याहून लवकर. झड लागली असेल तर एखादा दिवस द्या. दोन दिवस कडक ऊन मिळूनही धुकं तसंच राहिलं, किंवा आतून ओघळ उतरायला लागले, तर मात्र गळती धरून चाला.

वाफ धरलेल्या दिव्याने गाडी चालवली तर काय बिघडतं?

दिवसा काही नाही. रात्री पावसात बिघडतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मागचा लाल दिवा अंधारात १५५ मीटरवरून दिसायला हवा. कुंभार्ली किंवा आंबा घाटात जुलैतलं धुकं उतरतं तेव्हा मागचा ट्रकवाला फक्त तुमच्या दोन लाल ठिपक्यांच्या भरवशावर अंतर राखत असतो. त्यातला एक पाण्याने अंधुक झाला आणि दुसऱ्याचा बल्ब उडालेला असला, तर त्याला तुमची गाडी दिसते तीच उशिरा. टेललाइट आपल्याला गाडीत बसून दिसत नाही, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. माझा आग्रह एवढाच: पावसाळ्यात घरून निघताना आठवड्यातून एकदा तरी कुणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबून बघा.

मग पाणी शिरतं कुठून?

आधी बल्बच्या होल्डरची रबर रिंग बघा. बल्ब बदलताना ती निसटते, पिळली जाते, कधी जुन्या बल्बसोबत कचऱ्यात जाते. होल्डर फिरवून ‘टक’ असा बसला नाही तरी तेच. आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत हे कारण सगळ्यात जास्त, आणि त्याचा उपाय सगळ्यात स्वस्त.

दुसरं, तडा. गाडी मागे घेताना कोपरा गडग्याला हलका टेकतो, पत्र्याला ओरखडाही नसतो, म्हणून कुणी बघत नाही. पण लाल काचेला केसासारखी चीर गेलेली असते. नखाने चाचपली तर नख अडकतं.

तिसरं, सांधा. आपण जिला काच म्हणतो ती बहुधा ॲक्रिलिकची असते आणि मागचं काळं घर एबीएससारख्या प्लास्टिकचं. कारखान्यात ही दोन्ही वेल्ड केलेली असतात. दहा-बारा वर्षांचं ऊन-पाऊस खाऊन किंवा कुणी नट जास्त आवळल्याने तो सांधा एखाद्या ठिकाणी सुटतो.

चौथं कारण लोकांना पटायला वेळ लागतो: श्वासाची वाट बुजणं. लांबून चालवून आणलेल्या गाडीवर थेट गार पाण्याचा पाइप सोडला की तापलेला दिवा एकदम थंड होतो. आतली हवा आकसते आणि दिवा हवा ओढायला लागतो. नेहमीची वाट मोकळी असेल तर तिथून हवा आत येते. ती मातीने किंवा सिलिकॉनने बुजलेली असेल तर जिथे सांधा सर्वांत कच्चा तिथून ओढ लागते, आणि त्या वेळी तिथे नेमकं पाणी उभं असतं.

हे मी गिऱ्हाइकाच्या गाडीवर शिकलो. या कामात नवा होतो तेव्हा धुकं धरलेल्या एका दिव्याला चारी बाजूंनी सिलिकॉन फासलं, त्यात मागची नळीही बुजली. आठ दिवसांनी ते काका परत आले. “बाळा, आधी नुसतं धुरकट होतं रे. आता बघ,” म्हणत त्यांनी मागून गाडी हलवली, आणि आतलं बोटभर पाणी डुचमळलं. मी ती नळी कापून मोकळी केली, दिवा दोन दिवस वाळवला, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून दिवा हातात आला की आधी त्याची श्वासाची वाट शोधतो, मग बाकीचं.

गळतीची नेमकी जागा कशी शोधायची?

दिवा काढल्याशिवाय ती सापडत नाही. डिकी उघडून आतलं झाकण किंवा कार्पेट बाजूला केलं की बऱ्याच गाड्यांत दोन-तीन नट दिसतात, बहुधा दहाचा पाना लागतो. काही गाड्यांत बाहेरून स्क्रू असतात. सुटलेला नट पत्र्याच्या पोकळीत पडला तर तो शोधण्यात दुपार जाते, म्हणून आधी खाली फडकं कोंबा. कपलर (दिव्याला वायर जोडणारा प्लास्टिकचा जोड) काढताना वायर ओढू नका, खटका दाबा.

आता बादलीत अंघोळीला घेतो तसं कोमट पाणी घ्या. दिवा सावलीत ठेवून थंड झालेला हवा. आतलं पाणी ओतून टाका, होल्डर जागेवर घट्ट बसवा, श्वासाच्या वाटेवर तात्पुरती इन्सुलेशन टेप लावा आणि दिवा हळूच पाण्यात दाबून धरा. कोमट पाण्याने आतली हवा फुगते आणि फटीतून बाहेर पडते. सुरुवातीला कानाकोपऱ्यात अडकलेली हवा सुटते, त्या बुडबुड्यांना भुलू नका. अर्ध्या मिनिटाने बघा. एकाच जागेवरून मण्यांच्या सरीसारखे बारीक बुडबुडे एकामागोमाग वर येत असतील तर तीच जागा. दिवा बाहेर काढा, पुसा, मार्करने खूण करा आणि टेप आठवणीने काढून टाका.

एलईडीचा दिवा बादलीत बुडवू नका. त्याच्या सांध्यावर ब्रशने साबणाचा फेस लावा आणि श्वासाच्या नळीतून तोंडाने हळू फुंका. फट असेल तिथे फेस फुगतो. कंप्रेसरची हवा कुठल्याच दिव्यात मारायची नाही, चांगला सांधाही त्या दाबाने सुटतो.

आतलं पाणी काढून दिवा वाळवायचा कसा?

सगळे होल्डर काढा, भोकं खाली करून दिवा तिरका टेकवा आणि पाणी निथळू द्या. आत गढूळ डाग असतील तर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी थोडं ओतून दोनदा खळबळा. नळाचं किंवा विहिरीचं पाणी वापरलं तर सुकल्यावर क्षारांचे पांढरे डाग राहतात, आणि ते काढायला आत हात जात नाही.

ऊन असेल तर अर्धा दिवस पुरतो. नसेल तर हेअर ड्रायर कमी गरमीवर, हातभर अंतरावरून, होल्डरच्या भोकातून हवा आत जाईल असा धरा. हवा आपल्या तळहाताला सोसेल इतकीच गरम हवी. हीट गन नको. ॲक्रिलिक १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि काचेचा आकार बिघडला की ती पुन्हा गाडीच्या पत्र्याला मिळत नाही. शेवटची ओल काढायला नव्या चपलांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या घ्या. दिवा आणि आठ-दहा पुड्या एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर तोंड बांधून ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला बरेच जण देतात. तांदळाची भुकटी आत चिकटते आणि ओल तेवढी ओढली जात नाही, म्हणून ते करू नका.

सील करायला कोणतं सिलिकॉन घ्यावं?

ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते दिव्याला नको. सुकताना त्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं आणि होल्डरच्या तांब्या-पितळेच्या पट्ट्या त्याने खराब होतात. हार्डवेअरच्या दुकानात ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं मागा. दुकानदाराला नाव कळलं नाही तर “वास न येणारं” म्हणा, ते कळतं.

लावण्याआधीची तयारी जास्त महत्त्वाची. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढा, त्याच्यावर नवं धरत नाही. सांध्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा, साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करा. दोन्ही बाजूंना टेप लावून मधल्या फटीत सिलिकॉन बोटाने दाबून भरा आणि ते ओलं असतानाच टेप काढा. मग २४ तास हात लावू नका. पावसाळ्यात सिलिकॉन सुकत नाही असा समज आहे. खरं तर ते हवेतल्या ओलीनेच घट्ट होतं. अडचण एवढीच की ओल्या पृष्ठभागाला ते चिकटत नाही, त्यामुळे सांधा कोरडा हवा, हवा दमट असली तरी चालते.

पुसायला थिनर, पेट्रोल, ॲसिटोन किंवा हातावरचं सॅनिटायझर वापरू नका. ॲक्रिलिकवर यांनी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात. कधी लगेच दिसतात, कधी आठवड्याने, आणि मग गळती बुजवायला घेतलेला दिवाच फुकट जातो.

फेविक्विक किंवा एम-सील चालेल का?

फेविक्विक नको. सुकताना त्याची वाफ आजूबाजूला पांढरी बसते आणि सांधा ठिसूळ होतो, डिकी चार वेळा आपटली की सुटतो. एम-सील मागच्या काळ्या घराला पडलेल्या भोकाला ठीक आहे, काचेला नाही. भर पावसात वाटेवर असाल तर पुसून, कोरडं करून पारदर्शक टेप लावा आणि घरी या. लाल कागद किंवा रंग लावू नका, उजेड आणखी कमी होतो.

हेडलाइट ओव्हनमध्ये तापवून उघडतात. तसा टेललाइट उघडू का?

नको. हेडलाइटची काच अनेकदा पॉलिकार्बोनेटची असते आणि तापवल्यावर मऊ होणाऱ्या चिकट सीलंटने बसवलेली असते, म्हणून ती उघडते. टेललाइट वेल्ड केलेला असतो. तापवून सांधा सुटायच्या आधी काच वाकते. फारच जुना, नवा न मिळणारा दिवा असेल तर काही कारागीर बारीक करवतीने सांधा कापून आत साफ करतात आणि पुन्हा जोडतात. ते काम सरावाचं आहे, पहिल्यांदा स्वतःच्या गाडीवर करून बघण्यातलं नाही.

तळाला बारीक भोक पाडलं तर पाणी निघून जाईल ना?

निघून जाईल. पण वाहत्या ओहोळातून गाडी घातली तर त्याच भोकातून पाणी आत येईल, आणि चाकाने उडवलेली लाल मातीही. गळती कुठे आहे हे शोधायचा कंटाळा म्हणून भोक पाडणं मला अजिबात पटत नाही. वॉरंटी असेल तर तीही जाते. सांधा दुरुस्त होण्यापलीकडे गेलेला, गाडी पंधरा वर्षांची, नवा दिवा मिळत नाही, अशी वेळ असेल तर सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, गाडीच्या पत्र्याकडे तोंड करून, तीन मिलिमीटरचं एकच भोक. ड्रिल हळू फिरवा, ॲक्रिलिकला जोर लागला की तडा जातो.

बल्ब सारखा उडतो. ब्रेक दाबला की इंडिकेटरही मंद पेटतो. याचा ओलीशी संबंध आहे?

आहे. पेटलेल्या बल्बच्या तापलेल्या काचेवर थेंब पडला की ती तडकते. बऱ्याच गाड्यांत ब्रेकची तार २१ वॅटची आणि पार्किंगची ५ वॅटची, दोन्ही एकाच बल्बमध्ये असतात, त्यामुळे बल्ब फुटला की दोन्ही एकदम जातात.

दुसरी तक्रार अर्थिंगची. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना, तसाच हिरवट थर ओलीने होल्डरच्या पट्ट्यांवर चढतो. मेकॅनिक लोक त्याला ‘कार्बन धरलाय’ म्हणतात. अर्थची पट्टी अशी खराब झाली की ब्रेकच्या करंटला परत जायला वाट उरत नाही. मग तो शेजारच्या इंडिकेटरच्या बल्बमधून वाट काढतो, आणि तो मिणमिणतो. लोक यासाठी फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) बदलतात, स्विच बदलतात, शेकडो रुपये घालवतात. आधी होल्डर काढून बघा.

बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. पॉलिश पेपरची बारीक सुरळी करून पट्ट्या चमकेपर्यंत घासा, जुन्या टूथब्रशने भुकटी झाडा. वर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. व्हॅसलिन रबर रिंगला लागू देऊ नका, कालांतराने काही रबरं त्याने फुगतात. पट्टी काळी पडून होल्डरचं प्लास्टिक वितळलेलं दिसलं तर घासत बसू नका, होल्डरच बदला.

दिवा कोरडा आहे, पण डिकीत कुबट वास येतो आणि स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचतं. का?

ही गळती दिव्याच्या आत नसून दिव्याच्या मागे आहे. दिवा आणि पत्रा यांच्यामध्ये फोमचं किंवा रबराचं गॅस्केट असतं. ते चपटं झालं की पाणी पत्र्याच्या भोकातून डिकीत उतरतं, कार्पेटखालून सरकत स्टेपनीच्या खड्ड्यात साचतं आणि तिथला पत्रा आतून गंजतो. कळतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

शोधायची युक्ती सोपी. कार्पेट काढून आतला पत्रा कोरडा करा आणि दिव्याखाली टाल्कम पावडर भुरभुरा. मागची सीट पाडून एकाने टॉर्च घेऊन आत वाकून बघायचं, दुसऱ्याने बाहेरून दिव्याच्या वरच्या कडेवर पाइपचं पाणी हळू सोडायचं, दाब न देता. पावडरीतून पाण्याचा ओघळ रेघ काढत येतो, ती रेघ वर शोधत गेलात की मूळ सापडतं. दिव्याऐवजी डिकीच्या रबरातून किंवा वायरिंग जाते त्या रबरी बुचातून पाणी येताना दिसलं, तर दिव्यावर मेहनत वाया घालवू नका.

नवं गॅस्केट मिळालं नाही तर ब्युटाइल टेपची (चिकट, मऊ रबरी पट्टीची) गोल वळी सगळ्या कडेने लावा. नट एकदम एका बाजूचा आवळू नका, आळीपाळीने थोडे थोडे. हाताने घट्ट झाल्यावर पाव फेरा पुरे. दिव्याचे बोल्ट प्लास्टिकमध्ये बसवलेले असतात. जोर लावला की बुडातून उपटतात, आणि तिथूनच नवी गळती सुरू होते.

एलईडी दिव्याचं काय वेगळं?

तो फार तापत नाही, म्हणून आत धरलेली वाफ हळू जाते. थोडं धुकं जास्त वेळ राहिलं तर घाबरू नका. पण पाणी साचलं तर थांबू नका, कारण आतला छापील बोर्ड खराब झाला की बहुधा पूर्ण दिवाच बदलावा लागतो आणि तो महाग असतो. वॉरंटीत असेल तर घरी काहीही न करता, पाणी दिसेल असे फोटो काढून थेट सर्व्हिस सेंटरला दाखवा.

गाडी पुरात होती. दिवे वाचतील का?

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतरचं चित्र इथल्या प्रत्येक मेकॅनिकने पाहिलंय. पुराच्या पाण्यासोबत गाळ येतो. दिव्याच्या आत आरशासारखा चकचकीत भाग असतो, त्यावर ॲल्युमिनियमचा अत्यंत पातळ थर दिलेला असतो. गाळ वाळल्यावर घासायला गेलात तर तो थरच निघून येतो. म्हणून गाळ ओला असतानाच डिस्टिल्ड पाण्याने खळबळून काढा, आत कापूस-फडकं घालू नका. विमा असेल तर सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत काहीही उघडू नका, फक्त फोटो काढा.

बदलायचाच ठरला तर नवा दिवा कोणता घ्यावा?

गाडी कंपन्यांना ल्युमॅक्स, उनो मिंडा यांच्यासारखे कारखाने दिवे पुरवतात. त्यांच्या नावाचा दिवा अनेकदा बाजारातही मिळतो. अगदी स्वस्त लोकल दिवा हातात घेतलात तर दुकानातच तीन गोष्टी बघा: श्वासाची वाट आहे का, गॅस्केट सोबत दिलंय का, आणि सांध्याची रेघ सगळीकडे सारखी आहे का. एकदा तो गाडीला लावून बघा, पत्र्याशी फट एका बाजूला जास्त दिसली तर परत करा. कितीही चांगलं गॅस्केट ती फट भरून काढत नाही. आणि जुना दिवा भंगारात देण्याआधी त्याचे चांगले होल्डर, रबर रिंगा आणि श्वासाची नळी काढून डब्यात ठेवा. सुटी रबर रिंग पुढच्या पावसाळ्यात बाजारात शोधून सापडेलच असं नाही.